स्कुबाचं सर्टिफिकेट असलं तरी पुन्हा परीक्षा? 'चेक डाइव्ह' सक्तीची असावी का?

समजा, तुम्ही 2019 मध्ये तीन-चार दिवसांचा कोर्स करून स्कुबा डायव्हिंगचं सर्टिफिकेट मिळवलंय. मग कोरोना आला, नोकरी बदलली, लग्न झालं आणि आता एवढ्या वर्षांनी अंदमानची तिकिटं काढलीत. डाइव्ह सेंटरवर पोहोचल्यावर तुम्ही ऐटीत कार्ड पुढे करता. समोरचा माणूस कार्ड बघतो, लॉगबुक मागतो आणि म्हणतो, "उद्या आधी एक चेक डाइव्ह करू, मग पुढचं ठरवू."

यावर लोक दोन गोष्टी बोलतात. काही जण म्हणतात, "पर्यटकाकडून जास्तीचे पैसे काढायचे धंदे आहेत." काही जण मनातल्या मनात म्हणतात, "बरं झालं, मला तर मास्कमधलं पाणी कसं काढायचं तेही आठवत नाहीये."

सर्टिफिकेट असलेल्या माणसाची पुन्हा चाचणी घ्यायचा हक्क डाइव्ह सेंटरला असावा का? असला तर तो सगळ्यांवर लागू करावा का? आणि पर्यटकाने 'नको' म्हटलं तर? जगभरातल्या डायव्हर्समध्ये हा वाद जुना आहे. तो नीट समजून घेऊ.

मालवणला केली ती डाइव्ह वेगळी

महाराष्ट्रात स्कुबा म्हटलं की मालवण, तारकर्ली आणि सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचं पाणी आठवतं. गोव्यात ग्रँड आयलंड. इन्स्टाग्रामवर दिसणारे बहुतेक रील्स याच ठिकाणचे असतात. माशांच्या घोळक्यात दोन बोटांनी 'ओके'ची खूण करणारा पर्यटक आणि त्याला मागून धरून ठेवणारा इन्स्ट्रक्टर.

ही 'ट्राय डाइव्ह' असते. त्यासाठी सर्टिफिकेट लागत नाही, पोहता यायलाच हवं असंही बऱ्याच ठिकाणी नसतं. सिलिंडरमध्ये हवा किती उरली, किती खोल जायचं, वर कधी यायचं, हे सगळं इन्स्ट्रक्टर बघतो. पॅडी या जगातल्या सर्वांत मोठ्या प्रशिक्षण संस्थेच्या नियमात अशा ओळखीच्या डाइव्हसाठी 12 मीटरची मर्यादा आहे. मालवणला प्रत्यक्षात त्याहून बऱ्याच कमी खोलीवर फिरवून आणतात.

'सर्टिफाइड डायव्हर' हे प्रकरण वेगळं. त्याची पहिली पायरी म्हणजे 'ओपन वॉटर डायव्हर' कोर्स. त्यात थिअरी असते, स्विमिंग पूलमधला सराव असतो आणि खुल्या पाण्यात किमान 4 डाइव्ह असतात. तो पूर्ण केला की तुम्ही 18 मीटरपर्यंत जाऊ शकता. पुढचा 'अ‍ॅडव्हान्स्ड' कोर्स केला की 30 मीटर. हौशी डायव्हिंगची शेवटची मर्यादा 40 मीटर मानली जाते.

खोलीपेक्षाही महत्त्वाचा फरक पुढे आहे. सर्टिफाइड डायव्हर इन्स्ट्रक्टरशिवाय, फक्त आपल्या जोडीदाराबरोबर पाण्यात उतरू शकतो. या जोडीदाराला 'बडी' म्हणतात. म्हणजे तुमची हवा तुम्हीच बघायची आणि अडचणीत एकमेकांना तुम्हीच वाचवायचं. चेक डाइव्हचा सगळा वाद याच स्वातंत्र्याभोवती फिरतो.

चेक डाइव्हमध्ये नक्की काय करतात?

चेक डाइव्ह म्हणजे मुख्य डाइव्हच्या आधीची, सोप्या जागी केलेली एक डाइव्ह. पाणी शांत, खोली कमी, प्रवाह जवळपास नाही. सोबत इन्स्ट्रक्टर किंवा डाइव्ह मास्टर. तो साधारण या गोष्टी बघतो:

- सामान जोडणं: सिलिंडर, रेग्युलेटर आणि हवा भरायचं जॅकेट म्हणजे बीसीडी स्वतः जोडता येतं का? सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडला का?
- बडी चेक: उतरण्याआधी एकमेकांचं सामान तपासायची सवय आहे का?
- वजनं: कमरेला शिशाची किती वजनं लागतात? कमी पडली तर माणूस खाली जात नाही. जास्त झाली तर दगडासारखा तळाला जातो.
- तरंगण्यावरचा ताबा: खाली न आपटता आणि वर न उसळता एका जागी स्थिर राहता येतं का? डायव्हर्स याला बॉयन्सी म्हणतात.
- मास्क: मास्कमध्ये पाणी शिरलं तर नाकातून हवा सोडून ते काढता येतं का?
- रेग्युलेटर: तोंडातून निसटला तर न घाबरता शोधून परत लावता येतो का?
- हवा संपली तर: बडीच्या जादा रेग्युलेटरमधून श्वास घेत वर येता येतं का?

अर्ध्या-पाऊण तासाचं काम. बऱ्याच ठिकाणी सुरुवातीच्या दहा मिनिटांत कवायत उरकतात आणि उरलेला वेळ साध्या डाइव्हसारखा फिरवतात. हाताळणी कच्ची वाटली तर 'रिफ्रेशर' करायला सांगतात. त्यात थिअरीची उजळणी आणि पूलमधला सराव असतो. रिफ्रेशर म्हणजे पुन्हा शिकवणं आणि चेक डाइव्ह म्हणजे फक्त बघणं. लोक या दोन्हींत गल्लत करतात.

कार्डाला एक्स्पायरी डेट नसते

ओपन वॉटरचं कार्ड आयुष्यभरासाठी असतं. दहा वर्षं पाण्याला पाय लावला नाही तरी ते रद्द होत नाही. प्रशिक्षण संस्था 'मध्ये खंड पडला असेल तर उजळणी करा' असा सल्ला देतात, पण तो सल्लाच असतो.

हे नीट कळायचं असेल तर गाडीच्या लायसन्सचा विचार करा. कॉलेजात असताना लायसन्स काढलं आणि नंतर आठ वर्षं स्टेअरिंगला हात लावला नाही, अशी माणसं प्रत्येकाच्या ओळखीत असतात. कायद्याने ते गाडी चालवू शकतात. पण अशा माणसाच्या हातात पावसाळ्यातला आंबा घाट तुम्ही द्याल का?

काही क्षेत्रांनी हा प्रश्न नियमानेच सोडवला आहे. अमेरिकेत लायसन्स असलेल्या वैमानिकालाही प्रवासी बसवायचे असतील तर मागच्या 90 दिवसांत किमान 3 टेकऑफ आणि 3 लँडिंग केलेली असावी लागतात. विमान उडवता येतं की नाही यावर तिथे वाद नाही. नुकतं उडवलंय का, एवढंच विचारलं जातं.

पाण्याखाली 'नुकतं' या शब्दाला इतकं महत्त्व का? कारण तिथे चूक सुधारायला वेळ फार कमी मिळतो. साधं गणित बघा.

पाण्यात दर 10 मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. पृष्ठभागावर 1, दहा मीटरवर 2, तीस मीटरवर 4. जितका दाब जास्त, तितकी प्रत्येक श्वासाला सिलिंडरमधली हवा जास्त खर्च होते. 12 लिटरचा सिलिंडर 200 बारपर्यंत भरला तर त्यात साधारण 2400 लिटर हवा मावते. मिनिटाला 20 लिटर लागणाऱ्या माणसाला ती पृष्ठभागावर 120 मिनिटं पुरेल, 10 मीटरवर 60 मिनिटं आणि 30 मीटरवर 30 मिनिटं. त्याच 30 मीटरवर माणूस घाबरला आणि श्वास दुपटीने वाढला तर उरतात 15 मिनिटं. वर येताना राखून ठेवायची हवा यातूनच वजा करायची.

घाबरलेल्या माणसाची दुसरी उपजत धडपड असते श्वास रोखून सुसाट वर यायची. ती आणखी घातक. 10 मीटरवर फुप्फुसात भरलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास रोखला असेल तर फुप्फुस फाटू शकतं आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. म्हणूनच कोर्सच्या पहिल्या धड्यात 'श्वास कधीही रोखू नका' हे घोकून घेतात. मिनिटाला 9-10 मीटरपेक्षा वेगाने वर येऊ नका आणि 5 मीटरवर 3 मिनिटं थांबा, हेही सांगतात.

हे सगळं प्रत्येक सर्टिफाइड डायव्हरला कधीतरी शिकवलेलं असतं. पण घाबरलेल्या क्षणी पुस्तकात वाचलेलं आठवत नाही, हाताला सवय असेल तेवढंच होतं. आणि हाताची सवय मोडायला वर्षभराचा खंडही पुरतो.

2003, योंगाला: नियम होता, पण...

चेक डाइव्हचा विषय निघाला की डायव्हर्स ऑस्ट्रेलियातल्या एका घटनेचा उल्लेख हमखास करतात.

एसएस योंगाला हे प्रवासी जहाज 1911 च्या मार्चमध्ये क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळ चक्रीवादळात बुडालं. त्यावरचे सगळे 122 जण गेले. आज त्याचे अवशेष जगातल्या नावाजलेल्या डाइव्ह साइट्सपैकी एक आहेत. पण जागा सोपी नाही. खुला समुद्र, जोरदार प्रवाह आणि तळ सुमारे 30 मीटरवर.

22 ऑक्टोबर 2003 ला टीना वॉटसन ही 26 वर्षांची अमेरिकन तरुणी इथे डाइव्ह करताना मरण पावली. लग्नाला जेमतेम अकरा दिवस झाले होते. नवरा-बायको हनिमूनला आले होते आणि ती दोघं एकमेकांची बडी होती. टीनाने लग्नाच्या थोडं आधीच कोर्स केला होता. नवरा गेब याच्याकडे त्याहून वरचं 'रेस्क्यू डायव्हर' सर्टिफिकेट होतं. कागदावर बघितलं तर नवख्या डायव्हरबरोबर बचावाचं प्रशिक्षण घेतलेला माणूस. जोडी उत्तम.

पुढे गेबवर खटला चालला. त्याने 2009 मध्ये क्वीन्सलंडच्या कोर्टात सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला आणि तुरुंगवास भोगला. नंतर अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात त्याच्यावर खुनाचा खटला उभा राहिला. 2012 मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी पुराव्याअभावी तो निकाली काढला. ही गुन्हेगारी बाजू जगभर गाजली, त्यावर भरपूर लिहिलं गेलं. आपल्या विषयाशी संबंध असलेली बाजू मात्र बातम्यांमध्ये मागे पडली.

ती अशी. डाइव्ह कंपनीने या जोडप्याला ओरिएंटेशन आणि डाइव्ह मास्टरसोबतची डाइव्ह देऊ केली होती. दोघांनी नको म्हटलं. कंपनीच्या स्वतःच्याच नियमांनुसार टीनासोबत किमान एक डाइव्ह मास्टर असणं गरजेचं होतं. तरीही ती दोघं एकटी उतरली. पुढे कंपनीने सुरक्षेच्या नियमांचा भंग केल्याचं कोर्टात मान्य केलं आणि तिला 6,500 ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड आणि 1,500 डॉलर खर्च भरावा लागला.

दुसरी गोष्ट त्या रेस्क्यू सर्टिफिकेटची. या प्रकरणातल्या एका डायव्हिंग तज्ज्ञाचं आधी म्हणणं होतं की एवढं प्रशिक्षण असलेल्या माणसाला बायकोला वर आणता यायला हवं होतं. नंतर दोघांची लॉगबुकं आणि सर्टिफिकेटं हाती आल्यावर त्याने आपलं मत बदललं. एरवी चार दिवस चालणारा रेस्क्यू कोर्स गेबने अलाबामातल्या एका खाणीच्या पाण्यात दोन दिवसांत उरकला होता. बचावाचा प्रत्यक्ष अनुभव शून्य. त्या दिवशी सामान अंगावर चढवायलाही त्याला मदत लागली होती. अशा माणसाला नवख्या बायकोचा बडी म्हणून उतरू द्यायलाच नको होतं, असं त्या तज्ज्ञाचं म्हणणं होतं.

म्हणजे चेक डाइव्हमध्ये पहिल्या पाच मिनिटांत जे दिसलं असतं, ते कार्डावर दिसत नव्हतं. आणि ते बघायची सोय कंपनीकडे होती, नियमही होता. फक्त तो नियम 'नको' म्हटल्यावर बाजूला ठेवता येत होता.

चेक डाइव्ह झाली असती तर टीना वाचली असती असं छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. पण पाळणं न पाळणं गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडलेला नियम ऐन वेळी किती कामाचा असतो, ते इथे दिसतं.

आकडे काय सांगतात?

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे 'डॅन', ही डायव्हिंगच्या सुरक्षेवर काम करणारी संस्था आहे. तिच्या संशोधकांनी 1992 ते 2003 या काळातल्या हौशी डायव्हर्सच्या 947 मृत्यूंचा अभ्यास केला आणि तो 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. अपघाताची सुरुवात कशाने झाली हे ज्या घटनांमध्ये ओळखता आलं, त्यांत:

- 41 टक्के वेळा हवा कमी पडली किंवा संपली
- 20 टक्के वेळा माणूस कशात तरी अडकला
- 15 टक्के वेळा सामानाची अडचण झाली

त्यानंतरच्या टप्प्यात सर्वाधिक, म्हणजे 55 टक्के वेळा घाईघाईने वर येणं घातक ठरलं. 13 टक्के वेळा तरंगण्यावरचा ताबा सुटला.

आता वरची चेक डाइव्हची यादी पुन्हा बघा. हवेवर लक्ष, सामानाची ओळख, तरंगण्यावरचा ताबा, न घाबरता वर येणं. जिथे माणसं चुकतात, नेमकं तेच चेक डाइव्हमध्ये बघितलं जातं.

पण याच अभ्यासातला आणखी एक आकडा आहे. शरीराला झालेल्या घातक इजांमध्ये सुमारे 26 टक्के हृदयाशी संबंधित होत्या. ब्लडप्रेशर, ब्लॉकेज, वाढलेलं वय या गोष्टी अर्ध्या तासाच्या चेक डाइव्हमध्ये दिसत नाहीत. त्यासाठी आरोग्याचा फॉर्म प्रामाणिकपणे भरणं आणि गरज असेल तर डॉक्टरांचा सल्ला घेणं, हाच उपाय आहे. चेक डाइव्ह झाली म्हणजे सगळं सुरक्षित झालं, असा समज करून घेणं चुकीचं.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं काय?

त्यांचे मुद्दे उडवून लावण्यासारखे नाहीत.

पहिला मुद्दा वेळ आणि पैशांचा. चार दिवसांच्या सुट्टीतली एक सकाळ सोप्या, कंटाळवाण्या जागी घालवायची आणि त्याचे वेगळे पैसेही द्यायचे. काही सेंटर चेक डाइव्हकडे कमाईचं साधन म्हणून बघतात, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते.

दुसरा मुद्दा सरसकटपणाचा. ज्याच्या लॉगबुकात 500 डाइव्ह आहेत आणि जो मागच्याच महिन्यात तशाच पाण्यात उतरलाय, त्याला मास्क काढून दाखवायला लावणं म्हणजे स्वयंपाकात हात बसलेल्या आजीला कुकरची शिट्टी लावून दाखव म्हणण्यासारखं आहे.

तिसरा मुद्दा खोट्या भरवशाचा. शांत पाण्यात 5 मीटरवर मास्क साफ केला, म्हणून 25 मीटरवर प्रवाहात माणूस शांत राहील असं नाही. चाचणीत पास झालेल्याला उलट फाजील आत्मविश्वास येऊ शकतो.

चौथा मुद्दा जबाबदारीचा. सर्टिफिकेट घेतलेला माणूस सज्ञान आहे, जोखीम समजून उतरतो. दर वेळी सेंटरनेच त्याचं बोट धरायचं असेल, तर माणूस स्वतः तयारी करणं सोडून देईल, असं काहींना वाटतं.

या शेवटच्या मुद्द्यात मात्र एक अडचण आहे. पाण्याखाली जोखीम एकट्याची नसते. एकाची हवा लवकर संपली तर सगळ्या गटाला वर यावं लागतं. एक जण घाबरला तर त्याचा बडी किंवा गाइड त्याच्यामागे जातो आणि स्वतःचा जीव पणाला लावतो. तोल न सांभाळता येणारा डायव्हर पायाच्या एका फटक्यात वर्षानुवर्षं वाढलेलं प्रवाळ मोडतो. 'माझा जीव, माझी मर्जी' हे इथे पूर्ण लागू होत नाही.

इतर देशांत काय चालतं?

जगभर एकच नियम नाही.

इजिप्तच्या लाल समुद्रात लोक आठवडाभर बोटीवर राहून डायव्हिंग करतात. तिथे पहिली डाइव्ह सोप्या जागी चेक डाइव्ह म्हणून करायची ही रूढ पद्धत आहे. दूरच्या, प्रवाहाच्या बेटांसाठी लॉगबुकात 50 डाइव्ह असाव्यात अशी अटही सर्रास दिसते. मालदीवमध्ये हौशी डायव्हर्सना 30 मीटरपेक्षा खोल जायला मनाई आहे आणि रिसॉर्टवरची सेंटर पहिली डाइव्ह सहसा ओरिएंटेशन म्हणूनच घेतात.

फ्रान्समध्ये क्रीडा कायद्यानुसार डाइव्हवर एक जबाबदार संचालक असतो. समोरचा डायव्हर किती खोल आणि कुणासोबत जाऊ शकतो याचा निर्णय तो घेतो, आणि त्यासाठी पाण्यात उतरवून बघूही शकतो. क्वीन्सलंडमध्ये जलक्रीडांच्या सुरक्षेसाठी 2011 चा स्वतंत्र कायदा आहे. अमेरिकेत भर असतो तो 'जोखीम माझी' अशा करारावर सही घेण्यावर. बाकी बरंचसं त्या त्या सेंटरवर सोडलेलं असतं.

सगळीकडे एक गोष्ट सारखी दिसते. समुद्र जितका अवघड आणि हॉस्पिटल जितकं लांब, तितकी चेक डाइव्ह कडक.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळा का आहे?

महाराष्ट्रातल्या डायव्हरच्या बाबतीत खंड पडणं ही जवळपास ठरलेली गोष्ट आहे. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, मालवण आणि गोव्यातलं डायव्हिंग बंद असतं. उरलेल्या महिन्यांतही नोकरदार माणूस वर्षातून एकदा, फार तर दोनदा डाइव्हला जातो. म्हणजे पुण्या-मुंबईतला सर्वसाधारण सर्टिफाइड डायव्हर दर वेळी पाण्यात उतरतो तो मोठ्या विश्रांतीनंतरच.

दुसरं, शिकायची जागा आणि डायव्हिंगची जागा वेगळी. थिअरी आणि पूलचा सराव शहरात, खुल्या पाण्यातल्या डाइव्ह गोव्यात, मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाला किंवा अंदमानात. पूल गोड्या पाण्याचा, समुद्र खारा. खारं पाणी सुमारे अडीच टक्के जड असल्यामुळे माणूस त्यात जास्त तरंगतो. सामानासकट 90 किलो वजनाच्या माणसाला त्यामुळे साधारण 2 किलो जास्त वजन लागतं. पूलमधला हिशेब समुद्रात तसाच वापरला तर खाली जाताच येत नाही, किंवा डाइव्हच्या शेवटी सिलिंडर हलका झाल्यावर 5 मीटरवर थांबता येत नाही. एका चेक डाइव्हमध्ये हा गोंधळ मिटतो.

तिसरं, नियमांची चौकट. महाराष्ट्राच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणात जमीन, हवा आणि पाणी या तिन्ही प्रकारांतल्या आयोजकांच्या नोंदणीवर भर आहे. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा प्रशिक्षण संस्थाही आहे. पण किनाऱ्यावरचा बहुतेक धंदा ट्राय डाइव्हचा असल्यामुळे सगळं लक्ष तिकडे असतं. कार्ड घेऊन आलेल्या माणसाचं काय करायचं, हे बऱ्याचदा त्या त्या सेंटरच्या मालकावर अवलंबून असतं.

आणि मालकावर दबाव असतो. त्याने चेक डाइव्हचा आग्रह धरला तर गिऱ्हाईक शेजारच्या सेंटरवर जातं आणि वर गूगलवर एक स्टार देऊन जातं. नियम पाळणाऱ्याचं नुकसान आणि न पाळणाऱ्याचा फायदा, असा उलटा बाजार.

मग सक्ती असावी का?

हो, पण सरसकट कवायतीची नाही. दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात.

पहिली म्हणजे पहिली डाइव्ह सोप्या जागी. ही सगळ्यांना लागू करता येते, 500 डाइव्हवाल्यालाही. त्यात कुणाची परीक्षा नाही. नवी जागा, भाड्याचं सामान, नवा बडी यांची ओळख होते. गाइडला न विचारता बरंच काही कळतं, कारण माणूस सामान कसं जोडतो आणि पाण्यात कसा स्थिर राहतो एवढं बघितलं तरी अनुभवी डोळ्याला अंदाज येतो.

दुसरी म्हणजे कौशल्यांची चाचणी. ती तीन प्रश्नांवर ठरवता येते. शेवटची डाइव्ह सहा महिने ते वर्षभरापूर्वीची आहे का? आता जिथे उतरायचंय तसं पाणी, तशी खोली, तसा प्रवाह आधी अनुभवलेला नाही का? एकूण डाइव्ह अगदी मोजक्या आहेत का? एकाचंही उत्तर 'हो' असेल तर चाचणी व्हावी.

आणि ती झालीच पाहिजे. योंगालाची घटना नेमकं हेच सांगते. नियम कुणाला लागू करायचा हे सेंटरने अनुभव बघून ठरवावं, पण लागू झाल्यावर 'नको' म्हणायचा पर्याय गिऱ्हाइकाला नसावा. 'नको' असेल तर अवघड साइटही नको. कारण ज्याला चाचणीची सर्वांत जास्त गरज असते, त्यालाच आपल्याला गरज आहे हे अनेकदा कळत नसतं.

त्याबरोबर सेंटरनेही दोन पथ्यं पाळावीत. चेक डाइव्ह लागणार असेल तर ते आणि त्याचे पैसे बुकिंगच्या वेळीच सांगावेत, जेटीवर नाही. आणि ती डाइव्ह नीट द्यावी. कवायत झाल्यावर उरलेल्या हवेत माणसाला छान फिरवून आणलं, तर तिला कुणी फसवणूक म्हणणार नाही.

तुम्ही डाइव्हला निघणार असाल तर

- लॉगबुक सोबत ठेवा, मोबाइल अ‍ॅपमधलं असलं तरी चालेल. शेवटच्या डाइव्हची तारीख आणि खोली त्यात असू द्या.
- वर्षभर पाण्यात उतरला नसाल तर निघायच्या आधी शहरातच पूलमध्ये रिफ्रेशर करा. सुट्टीतली सकाळ वाचते.
- बुकिंग करतानाच विचारा: चेक डाइव्ह आहे का, वेगळे पैसे आहेत का, कुठे करणार, गटात किती जण असणार?
- डाइव्हची संख्या फुगवून सांगू नका. आरोग्याच्या फॉर्मवर दमा, बीपी किंवा गोळ्या चालू असतील तर लपवू नका.
- बडी नवरा, बायको किंवा जिवलग मित्र असला तरी दोघंही नवखे असाल तर डाइव्ह मास्टर मागून घ्या.
- एखादं सेंटर कार्डाकडे न बघता, शेवटची डाइव्ह कधी केली हेही न विचारता थेट 30 मीटरवर न्यायला तयार असेल, तर त्याला चांगली सर्व्हिस समजू नका. ज्याने तुम्हाला काही विचारलं नाही, त्याने त्याच बोटीवरच्या बाकीच्यांनाही विचारलेलं नसतं. आणि त्यांच्यातलाच एक जण तुमचा बडी असणार आहे.